चहाचा दिवा

प्रिय धाकट्या,

आधी एकच वाक्य, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. आई ठणठणीत आहे. आत्ता ती माझ्यासमोर बसून पत्ते पिसते आहे, आणि हे पत्र लवकर आटपलं नाही तर मी हरायच्या भीतीने लिहीत बसले असं शेजारीपाजारी सांगणार आहे. तिला साधं खरचटलेलंही नाही. तिच्या घराची सगळी दारं शाबूत आहेत.

तुझा निरोप मिळाला. 'दार फोडावं लागलं म्हणे. बस झाले प्रयोग. मी निवासवाल्यांना होकार कळवतो.' ही बातमी तुला आत्येभावाने पोचवली असणार. त्याला अर्धी बातमी सांगायची घाई असते आणि उरलेली अर्धी त्याची त्यालाच ठाऊक नसते. मग मी तुला फोन केला आणि 'पत्र पाठवते आहे, ते हातात पडेपर्यंत त्यांना काही कळवू नकोस' एवढंच म्हणाले. तू त्रासून 'बरं' म्हणालास. ते त्रासणं रास्त होतं. फोनवर सरळ सांगता आलं असतं, मग पत्राचा घाट कशाला, असं तुला वाटलं असेल. त्याचंही उत्तर यात आहे, पण ते आईच्या सांगण्यावरून अगदी शेवटी ठेवलंय.

अहवाल द्यायचा तर आधी मुद्दा नीट मांडलेला बरा. गेल्या वर्षी आई पडदे काढायला स्टुलावर चढली आणि स्टुलासकट खाली आली. शेजारच्या बाई कात्री परत द्यायला आल्या म्हणून कळलं. नाही तर सोफा आणि भिंत यांच्या सापटीत ती किती वेळ पडून राहिली असती, कोण जाणे. तू परदेशात बसून तो ज्येष्ठांचा निवास शोधलास, फोटो पाठवलेस. मोठ्या खिडक्या, बाग, हाकेला परिचारिका. मला ती जागा वाईट वाटली नव्हती, हे मी तेव्हा आईसमोर बोलले नाही, पण इथे लिहिते. आईने मात्र 'मी या घरातून जाईन ती आडवीच' हे आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं. त्यावर तू 'आडवी तर गेल्याच आठवड्यात होतीस' म्हणालास, आणि पुढे बरेच दिवस तुम्ही दोघं माझ्यामार्फत बोलत होतात. त्यातून मी मधली वाट काढली. घरात यंत्रं बसवू, वर्षभर बघू, आणि वर्ष संपताना जे दिसलं ते मी खरं खरं सांगेन. तू म्हणालास, 'चालेल. तू खोटं लिहूच शकत नाहीस, तुला चुकीचा स्वल्पविराम दिसला तरी जेवण जात नाही.' मुद्रितं तपासणाऱ्या बाईला एवढी मोठी शाबासकी सहसा मिळत नाही, म्हणून ती मी जपून ठेवली आहे. तेव्हा हा तो अहवाल समज. आईने कुठे राहायचं ते यावरून ठरणार आहे, याची जाणीव ठेवून लिहिते आहे.

यंत्रं बसवायला आला तो आईचा जुना वायरमन. तू त्याला पाहिलं आहेस, आपल्याकडे पंखे दुरुस्त करायला यायचा तोच, आता केस पिकलेत. त्याने हालचाल टिपणाऱ्या लहान पांढऱ्या डब्या बोळात, बैठकीच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात लावल्या. आईने अंथरुणातून पाय खाली टेकले की बोळातला दिवा आपोआप लागतो. गॅस चालू ठेवून ती दुसरीकडे गेली तर तो आपला आपण बंद होतो. आणि फ्रिजवर एक बोलकी डबी आहे, जिला आई ठकी म्हणते. ठकी गोळ्यांची आठवण करते, हाक मारली तर फोन लावून देते, आणि आईचं बोलणं कळलं नाही की 'मला समजलं नाही' म्हणते. त्यावर आई तिला 'शाळेत गेली होतीस का कधी?' असं विचारते. एकदा ठकीने त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून जवळच्या शाळांची नावं वाचून दाखवली. तेव्हापासून आई तिला जरा मानाने वागवते.

या सगळ्याची खबर माझ्या फोनवर यायची. आई जिथे असेल त्या खोलीचा ठिपका हिरवा. सुरुवातीचे काही आठवडे मी त्या ठिपक्यांवरच जगले. मुद्रितांची चळत समोर आणि नजर फोनवर. आई उठली, आई स्वयंपाकघरात गेली, आई बैठकीत आली. त्याचं मला किती बरं वाटायचं! हे बरं वाटणं काळजीतून येत होतं की फुकट बघायला मिळतंय म्हणून, असा प्रश्न मी स्वतःला विचारला होता. विचारला आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा फोन उघडला. मग एक दिवस बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून गेलं, 'काल रात्री तू स्वयंपाकघरात बराच वेळ होतीस, झोप नाही का लागली?' मग आई म्हणाली, 'साखर खात होते. डब्यातून, चमच्याने. आणखी काही विचारायचंय?'

दुसऱ्या दिवशी सगळे ठिपके करडे. घाबरून फोन केला तर आई म्हणाली, 'मी जागी आहे. तुझी यंत्रं झोपली आहेत.' सुट्टीच्या दिवशी जाऊन पाहते तर प्रत्येक डबीला बाबांचा एकेक जुना लोकरी मोजा घातलेला. का, तर 'थंडी वाजत होती त्यांना'. मी हसले, पण ती हसली नाही. तिने मला समोर बसवलं. तुला आठवतं ना, टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी संपवून घरी आली की ती जेवताना आपल्याला कुणाकुणाच्या गमती सांगायची, नाव न घेता? त्या दिवशी म्हणाली, 'आयुष्यभर मी लोकांच्या लायनीत कान घातलाय. ऐकणाऱ्याला मजा येते गं. ज्याचं ऐकलं जातं त्याची काय अवस्था होत असेल, हे मला आत्ता या वयात कळतंय. आणि काय गं, एका टोकाची लाइन कुठे असते का? मी तुला दिसणार, आणि तू मला दिसणार नाहीस? तूसुद्धा एकटीच राहतेस की. तू पडलीस तर मला कोण सांगणार, तुझा तो कोश?' माझ्या टेबलावरच्या शब्दकोशाबद्दल तिचं मत तुला ठाऊक आहेच.

मी म्हणाले, 'अगं, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे.' ती म्हणाली, 'मग? स्टूल वय विचारतं का?'

तिची अट सरळ होती. यंत्रं राहतील, पण ठिपके मी बघायचे नाहीत. दिवसा बराच वेळ घरात काहीच हललं नाही, तर आणि तरच मला कळावं. आणि जेवढी ती मला कळेल तेवढीच मी तिला कळायला हवी. वायरमनने डोकं खाजवलं आणि तोडगा काढला. तिच्या विजेच्या किटलीला एक प्लग, माझ्या किटलीला एक प्लग. माझी किटली तापायला लागली की तिच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, मुठीएवढा नारिंगी दिवा लागतो. तिची तापली की माझ्या टेबलावर निळा लागतो. थोडा वेळ राहतो, मग विझतो. बस, एवढंच. मी ठिपके पाहणं सोडलं. हे वाक्य लिहून झाल्यावर वाटलं, अहवालात असं चालणार नाही. पहिल्या आठवड्यात दोनदा चोरून पाहिले, मग सोडले.

या दिव्यांनी काय केलं ते सांगणं जरा अवघड आहे. पूर्वी मी आईला रोज फोन करायचे आणि आम्ही काळजी बोलायचो. गोळी घेतलीस का, दार लावलंस का, पाय कसा आहे. ती कंटाळून 'हो, हो, बरा आहे' म्हणायची आणि ठेवून द्यायची. आता मी पानं तपासत असते, कडेला निळा दिवा लागतो, मी उठून माझी किटली लावते, तिकडे तिचा नारिंगी लागतो, आणि दोघी आपापल्या घरी चहा पितो. चौकशी तिथेच संपते. त्यामुळे फोन केला तर खरंच काहीतरी सांगण्यासाठी होतो. समोरच्या दुकानदाराने केस काळे केले, ठकीने आज चुकीच्या वेळी शिट्टी वाजवली, असलं काहीबाही. इतक्या वर्षांत आम्ही एवढ्या गप्पा मारल्या नव्हत्या.

फजिती झालीच नाही असं नाही. एकदा फोनवर इशारा आला, घरात हालचाल नाही. दुपारचा दिवाही लागला नव्हता. फोन उचलत नव्हती. शेजारच्या बाईंना पळवलं. त्यांनी जाऊन पाहिलं तर आई आणि वायरमन पत्ते खेळत होते. तो डबीची बॅटरी बदलायला आला होता, आणि बदलण्याआधी 'एकच डाव' म्हणून बसला होता. पत्ते हातात असले की आई पापणीसुद्धा हलवत नाही, आणि वायरमन बिचारा हरण्याच्या धक्क्याने गारठलेला. यंत्राच्या दृष्टीने खोलीत दोन खुर्च्या होत्या, माणूस नव्हता. तू म्हणशील, हेच तर माझं म्हणणं आहे, यंत्रावर भरवसा कसला? मान्य. म्हणूनच हा प्रसंग अहवालात घातला आहे.

आता त्या दाराकडे येते. धाकट्या, ते दार माझं होतं.

सुरुवातीला वायरमनने सांगितलं होतं की वयस्कर माणसाच्या बाथरूमला आतून कडी नको. आत काही झालं तर बाहेरच्याला दार उघडता आलं पाहिजे. पटण्यासारखंच होतं. मी आईच्या बाथरूमची कडी काढून घेतली. ती जुनी पितळी कडी, बाबांनी हौसेने आणलेली, आपल्या लहानपणापासूनची. आई कुरकुरली, म्हणाली, 'माझी लाज राखणारी तेवढी एकच वस्तू होती घरात.' पण काढू दिली. आता अस्सल पितळ, इतकं वजनदार, टाकून कसं देणार? तू आणि मी ज्या घरात वाढलो तिथे सुतळीचा तुकडासुद्धा टाकलेला मला आठवत नाही. मी ती कडी माझ्या घरी आणली, घासून चकचकीत केली, आणि माझ्या बाथरूमची पत्र्याची हलकी कडी काढून तिथे ही बसवली. माझी मीच, पेचकस घेऊन. फार अभिमान वाटला होता. आईच्या घरातून धोका म्हणून काढलेली वस्तू मी माझ्या घरात शोभा म्हणून लावली, आणि यात काही विचित्र आहे हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दुसऱ्यांच्या पानातली चूक बरोबर दिसते मला.

त्या दिवशी सुट्टी होती. समोरचं जोडपं गावाला गेलेलं, खालची कचेरी बंद. सकाळचा चहा झाला, म्हणजे आईचा दिवा लागून विझलेला. मग मी आंघोळीला गेले. फोन टेबलावर. आंघोळ आटपून कडी ओढली तर तिची बोंडी मानेपासून तुटून हातात आली. आत अडकलेला दांडा जागचा हलेना. पहिल्यांदा मला हसूच आलं. कंगव्याने ढकलून पाहिलं, दात मोडले. दाराला धक्के दिले. मग हाका मारायला सुरुवात केली. तेव्हा लक्षात आलं की माझ्या बाथरूमची वरची झडप ज्या बोळकांडीत उघडते तिथे फक्त सगळ्यांचे नळ आहेत. झडपेपर्यंत तोंड पोचावं म्हणून मी बादली पालथी घातली आणि तीवर चढले. पुढचं तुला कळलंच असेल. स्टूल वय विचारत नाही, बादलीही विचारत नाही. बादली सरकली, घोटा मुरगळला की मोडला ते कळेना, पण उभं राहता येईना एवढं खरं.

ओल्या फरशीवर बसून मी विचार करायला लागले की मला कोण शोधेल. पाणी होतं, म्हणजे तहानेने मेले नसते. प्रकाशकाला पानं सुट्टीनंतर हवी होती, आणि उशीर झाला तर तो आधी पत्र पाठवतो, मग आठवण, मग राग. समोरचं जोडपं परत आलं तरी 'बाई कामात असतील' म्हणणार. मी आवाज न करणारी शेजारीण आहे, याचा मला फार वर्षं अभिमान होता. आईबद्दल आपण दोघं वर्षभर जे बोललो, एकटी राहते, पडली तर कुणाला कळणार, तेच वाक्य मी मनात घोळवत होते आणि त्यातला कर्ता बदलला तरी वाक्य बरोबरच राहत होतं. थंडी वाजायला लागली. खरं सांगते, मी रडले. पण रडता रडता मला मिठाच्या बरणीशेजारचा दिवा आठवला. दुपारचा चहा. दुपारी दिवा लागणार नाही. तेवढं एक आठवल्यावर मी रडायची थांबले आणि दुपार व्हायची वाट बघत बसले.

तिकडे काय झालं त्याच्या आईकडे आता तीन आवृत्त्या आहेत, प्रत्येक पाहुण्यागणिक सुधारत जातात. मी पहिली आवृत्ती ग्राह्य धरते. दुपारी तिने आपली किटली लावली, चहा गाळला, आणि फळीकडे बघत बसली. दिवा लागेना. तिने त्याला टिचकी मारली. मग ठकीला विचारलं, 'माझी मुलगी चहा का करत नाहीये?' ठकीने तिला चहा कसा करावा ते सविस्तर सांगितलं. आई म्हणाली, 'गप बस गं बाई,' आणि मला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मी बाहेर गेले असेन, असं तिलाही वाटलं. पण मग तिने स्वतःशीच वाद घातला की ही पोरगी चहा चुकवून बाहेर जात नाही, चहा घेऊन मगच जाते. ही शिकलेली आहे, पण सवयीचा बैल आहे. हे वाक्य तिच्या तिन्ही आवृत्त्यांत कायम आहे.

माझ्या इमारतीखालच्या औषधवाल्यांचा नंबर तिच्याकडे होता. तोही तिनेच अट म्हणून घेतलेला. 'तुझ्याकडे माझ्या शेजारणीचा नंबर, तर माझ्याकडे तुझ्या शेजाऱ्याचा,' असं मला म्हणाली होती. दुकान बंद होतं, पण ते मागेच राहतात आणि माझी जादा किल्ली त्यांच्याकडे असते. ते जेवून आडवे झाले होते. आईने एक्स्चेंजमधला जुना आवाज काढला, 'अर्जंट कॉल आहे, लाइनवर राहा.' ते नंतर मला म्हणाले, 'बाई, मी झोपेतसुद्धा उठून उभा राहिलो.'

किल्लीने घराचं दार उघडलं आणि मला त्यांच्या चपलांचा आवाज आला. असा सुंदर आवाज मी आजवर ऐकलेला नाही. पाठोपाठ त्यांच्या हातातल्या फोनमधून आईचा आवाज, 'बाथरूममध्ये बघा! तिने माझी कडी नेलीये!' आणि मग मला उद्देशून, दाराबाहेरून, 'अगं, ती कडी नुसती ओढायची नसते, दार आधी खांद्याने दाबायचं, मग ओढायची! चाळीस वर्षं मी तेच करत आले!' मी आतून ओरडले, 'ओढू काय? बोंडीच हातात आलीये!' ती म्हणाली, 'मग उलटी बसवली असशील!' धाकट्या, मी ती खरंच उलटी बसवली होती. माझं दार दुसऱ्या बाजूने उघडतं, म्हणून फिरवून लावली होती. औषधवाले म्हणाले, 'तुमचं दोघींचं झालं की सांगा, मी तोपर्यंत हातोडा आणतो.' त्यांनी दाराची फळी वरून फोडली, तोंड फिरवून उभे राहिले आणि आपला दुकानातला पांढरा कोट फटीतून आत टाकला. तोच फोडलेल्या दाराचा आवाज आत्येभावाच्या कानापर्यंत गेला आणि वाटेत कधीतरी आईच्या घराचा झाला.

खुर्चीत बसल्यावर मी फोन हातात घेतला. आईने कडीचा विषय तिथेच सोडला. मग म्हणाली, 'चहा कर.' मी म्हणाले, 'आई, पाय टेकवत नाहीये गं, नंतर करते.' ती म्हणाली, 'आत्ता कर.' औषधवाल्यांनी किटली माझ्यापुढे आणून ठेवली. मी बटण दाबलं. मग ती म्हणाली, 'लागला.' एवढंच. आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिली.

घोट्याचं हाड चिरलं आहे, प्लास्टर आहे, मी आईकडे आहे. वर्षभर तिच्यावर लक्ष ठेवणारी मी आता तिच्या बोळातून कुबडी घेऊन जाते आणि तिचाच दिवा माझ्या पायाखाली लागतो. ठकी माझ्या गोळ्यांची आठवण करते. येईल त्याला आई सांगते, 'धाकट्याने निवासात खोली राखून ठेवलीच आहे, हिला पाठवून देऊ या.' फार खुशीत आहे. तिला असं हक्काने कुणाची उस्तवार करताना मी बाबांनंतर पहिल्यांदा पाहते आहे.

आता निष्कर्ष, आणि तो मी जपून लिहिते. यंत्रं पडणं थांबवत नाहीत. उद्या आई पुन्हा स्टुलावर चढेल, मी नाही म्हटलं म्हणून तर नक्की चढेल. बॅटरी संपेल, इंटरनेट जाईल, यंत्र माणसाला खुर्ची समजेल. एक दिवस असा येऊ शकतो की दिवा लागणार नाही आणि आपण वेळेवर पोचणार नाही. हे मला माहीत आहे, तिलाही आहे. मी तिच्याशी स्पष्ट बोलले. ती म्हणाली, 'ज्या दिवशी भरलेली किटली मला उचलवणार नाही, त्या दिवशी मीच त्याला सांगेन, घे ती खोली.' मी तिच्या डोळ्यात बघून पुन्हा विचारलं, तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि पत्ते तिच्या हातात नव्हते, म्हणून मी विश्वास ठेवते. आज ती किटली एका हाताने उचलते. माझं मत असं, की ती खोली सोडून दे. कुणा गरजवंताला मिळू दे. हे मत देताना, माझा जीव तिच्यामुळे वाचला म्हणून मी पक्षपाती झाले आहे का, असंही स्वतःला विचारलं. थोडी झाले असेन. तेवढं वजा करूनही उत्तर तेच येतं.

आणि आता पत्र का, ते. या पाकिटाबरोबर एक खोका आला आहे, तो तू अजून उघडला नसशील. उघड. आत एक प्लग आहे. तुझ्याकडच्या भिंतीत बसेल असाच वायरमनने शोधून आणला आहे, कसा लावायचा ते त्याने चित्र काढून दाखवलंय. तो तुझ्या किटलीला लाव. दार फोडलं त्या संध्याकाळी आईने पहिला प्रश्न विचारला तो माझ्या पायाबद्दल नव्हता. 'तिकडे त्याचं बाथरूम कसलं आहे गं?' असं म्हणाली. तुझी बायको आणि लेक वेगळ्या राहायला लागल्यापासून तुझे निरोप तीन वाक्यांचे झाले आहेत, आणि तिन्हींत मिळून एकही वाक्य तुझ्याबद्दल नसतं. आम्ही दोघींनी ते पाहिलं, आणि तुला अवघड वाटेल म्हणून बोललो नाही. फोनवर सांगायचं नाही असं आईने बजावलं. म्हणाली, 'फोनवर तो बघू म्हणेल. वस्तू हातात पडली की लावेल. आपल्या घरात कुणी वस्तू टाकून देत नाही.' ओल्या फरशीवर मला धीर आला तो एका दिव्याच्या आठवणीने. तुला तशी आठवण करायला कुठे काही आहे का, हा विचार आल्यापासून मला नीट जेवण गेलेलं नाही. मिठाच्या बरणीच्या दुसऱ्या बाजूला तिसरा दिवा ठेवला आहे, हिरवा. आई रोज पुसते. तुझी सकाळ म्हणजे इकडे आमची दुपार, तेव्हा दोन्ही चहा एकाच वेळी होतील. तुला काही कळवायचं नाही, काही बोलायचं नाही, बरं आहे असंसुद्धा म्हणायचं नाही. फक्त चहा कर. इकडे आम्ही फळीसमोर बसलो आहोत.

तुझीच,
सध्या एका पायावर उभी असलेली
ताई